ब्रेक निवडायला सोनाळ्याला

माणसं सोनाळ्याला कशासाठी जातात ते मला सांगता येणार नाही. मी एक्झॉस्ट ब्रेक निवडायला गेलो होतो.

हे गाव बुलढाणा जिल्ह्याच्या वरच्या टोकाला, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. आम्ही वाईकर. वाईहून तिकडं जायचं म्हणजे सबंध महाराष्ट्र तिरका कापायचा, आणि तो तसा कापायचं आमच्या घरात कधी कुणाला कारण पडलं नव्हतं. पण आमची मनीषा पुण्यात शिकायला होती, तिथं तिला सोनाळ्याचा मुलगा भेटला, दोघांनी लग्न करायचं ठरवलं आणि आम्ही सोनाळा नकाशात शोधायला बसलो. लग्न पुण्यातच झालं. त्यामुळं व्याह्यांचं घर मी पाहिलेलं नव्हतं. ते फोनवर "या एकदा" म्हणायचे, मी "येतो की" म्हणायचो, आणि दोघांचंही त्यावर समाधान होतं.

दिवाळी उलटल्यावर एक दिवस व्याही वासुदेवराव यांचा फोन आला.

"व्याही, तुमी एसटीत होते न?"

"होतो की."

"मंग या. पिकअपले एक्झॉस्ट ब्रेक बसवा लागते. कोनता घ्या ते तुमीच सांगा."

मी एसटीत होतो हे खरं. पण मी डेपोच्या भांडारात होतो. सुटे भाग यायचे, मी ते फळीवर लावायचो. मेकॅनिक चिठ्ठी आणायचा, मी ते काढून द्यायचो. एक्झॉस्ट ब्रेकच्या झडपा माझ्या हातून कितीतरी गेल्या असतील, पण गाडीला बसल्यावर त्या कशा दिसतात हे मी कधी वाकून पाहिलं नाही. आता मुलीच्या सासऱ्यांना "मला त्यातलं काही कळत नाही" असं सांगायची आमच्याकडं पद्धत नाही. मी तिकीट काढलं.

निघायच्या आदल्या दिवशी मनीषानं पुण्याहून फोनवर सगळी हकिगत सांगितली. सोनाळ्याच्या वर डोंगरात सालईबर्डी नावाची कोरकूंची वस्ती आहे. तिथल्या बायांची टोळी दरवर्षी मनीषाच्या सासरचा कापूस वेचायला येते. सकाळी वासुदेवराव पिकअप घेऊन वर जातात, बायांना घाटातून खाली आणतात, संध्याकाळी परत सोडतात. यंदा वेचणी सुरू होते न होते तोच एका सकाळी उतारावर ब्रेक तापले आणि पायातलं पॅडल खाली बसलं. वासुदेवरावांनी गाडी डोंगराच्या बाजूला मातीत घातली म्हणून दरीत गेली नाही. बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं. टोळीच्या म्होरक्या फुलवंतीबाई यांची सून सुमरती, तिचं उजवं मनगट मोडलं. वासुदेवरावांनी तिला दवाखान्यात नेलं, प्लास्टर घालून आणलं, घरी पोचवलं. त्यानंतर सालईबर्डीची एकही बाई त्यांच्या गाडीत बसलेली नव्हती, आणि वासुदेवरावही वस्तीकडं फिरकले नव्हते.

"आणि कापूस शेतात फुटलाय, बाबा," मनीषा म्हणाली. "ढग यायला लागलेत. दुसऱ्या टोळ्या केव्हाच लागल्या. आई म्हणतात, फुलवंतीबाई आल्या तरच काही खरं." आई म्हणजे तिची सासू.

नांदुरा ते सोनाळा

नांदुरा स्टेशनावर वासुदेवराव फलाटावरच उभे होते. उंच, सडपातळ, पांढरी टोपी, आणि माझी पिशवी माझ्या हातात राहू द्यायची नाही असा निश्चय. त्यांनी प्रथम मला आलुबोंडा खायला घातला. आमच्याकडचा बटाटेवडा चटणीबरोबर येतो. इथला रश्श्यात बुडून येतो. रश्श्यावर लाल तर्री होती. मी दोन घास खाल्ले आणि बोलणं थांबवलं. वासुदेवरावांना वाटलं मला आवडला. त्यांनी आणखी एक मागवला.

पिकअप बाहेर उभी होती. डिझेलवर चालणारी, पुढं दोघातिघांची केबिन, मागं उघडा हौद. पुढच्या डाव्या अंगाला पत्रा ठोकून सरळ केलेला दिसत होता. आम्ही दोघंही त्या बाजूला न बघता गाडीत चढलो.

हा सगळा मुलूख सपाट आहे. घाटावरच्या माणसाला इतकं सपाट बघायची सवय नसते. सारखं वाटतं, पुढं काहीतरी येईल. काही येत नाही, कापूस येतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस, आणि सगळाच्या सगळा एकदम फुटलेला. वासुदेवरावांनी त्याचं कारण सांगितलं. पूर्वी निरनिराळ्या जाती असत, कुणाचा कापूस आधी फुटे, कुणाचा मागून. होळीपर्यंत वेचणी रमतगमत चाले. बीटी बियाणं आलं तसं पाकिटावरची नावं वेगळी, पण फुटतो सगळ्यांचा एकाच वेळी. त्यामुळं सगळ्यांना वेचायला बाया एकाच वेळी हव्या असतात.

"आता बायाच राणी झाल्या," ते म्हणाले. "चांगलंच हाय म्हना. पन आमचं काय?"

पूर्णा नदीच्या पुलाकडं रस्ता उतरतो. उतार कसला, आमच्या पसरणीच्या घाटापुढं तो लाजेल. पण तो लागताक्षणी वासुदेवरावांनी गिअरचा दांडा न्यूट्रलला टाकला. इंजिनाचा आवाज खाली बसला आणि गाडी आपल्या वजनानं घरंगळू लागली.

"उतारावर गाडी अशीबी पळते," ते म्हणाले. "डिझेल कायले जाळा?"

आमच्या डेपोच्या फाटकावर पिवळी पाटी होती: उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. रोज जाता येता मी ती वाचत असे. गाडी गिअरमध्ये असली की इंजिन तिला मागं धरतं. न्यूट्रल केली की सगळा भार पायातल्या ब्रेकवर येतो, आणि लांब उतार असला की ब्रेक तापून कामातून जातो. सालईबर्डीच्या घाटात काय झालं असेल ते मला त्या पुलावरच कळलं. पण आम्ही पहिल्यांदाच एकत्र प्रवास करत होतो, माणूस मुलीचा सासरा होता आणि माझं तोंड अजून तर्रीनं भाजत होतं. मी "पूल छान आहे" म्हणालो.

सोनाळा

सोनाळा मोठं गाव आहे. चहाची टपरी शोधावी लागते, कीटकनाशकाचं दुकान शोधावं लागत नाही. बस थांब्यापासून घरापर्यंत जाताना मी अशी दुकानं मोजायला लागलो आणि घर आल्यावरही ती संपली नव्हती. बीटीनं फवारणी कमी होईल असं सुरुवातीला सगळ्यांना सांगितलं होतं म्हणे. बोंडअळी थोडे दिवस दबली, मग दुसऱ्या किडी आल्या, मग पानं लाल पडायला लागली. त्याला इथं लाल्या म्हणतात, आणि घरातल्या एखाद्या खाष्ट पाहुण्याबद्दल बोलावं तसे त्याच्याबद्दल बोलतात. वासुदेवरावांनी पिकअप घेतली ती म्हणूनच. नुसत्या कापसावर घर चालेल याचा भरवसा उरला नव्हता. गाडीनं लोकांची केळी-संत्री बाजारात न्यायची आणि घरचा कापूसही आणायचा, असा त्यांचा हिशेब.

विहीणबाई निर्मलाताई दारात पाणी घेऊन उभ्या होत्या. ठेंगण्या, बोलायला मोजक्या. जेवायला वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि भुरका. भुरका म्हणजे तेलात परतलेली सुकी लाल मिरची. आम्ही ठेचा खातो, त्यामुळं मला वाटलं आपण तयारीचे आहोत. तो गैरसमज त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही फिटत राहिला.

जेवण झाल्यावर निर्मलाताई म्हणाल्या, "व्याहीबुवा, ब्रेक तुमी कोनताबी निवडा. पन फुलवंतीले दाखवल्याबिगर मी एकाबी बाईले गाडीत बसवनार नाई. त्या दिवशी मी समोर बसली होती. मले काई झालं नाई. ते मले झोपू देत नाई."

वासुदेवराव अंगणात उठून गेले. त्यांना मी त्या घरात अपघाताबद्दल एक शब्दही बोलताना ऐकलं नाही. ब्रेकबद्दल मात्र ते अखंड बोलत.

एव्हाना "एसटीचे इंजिनिअर आले" असं गावात झालं होतं. सकाळी चहाच्या वेळी एक जण ट्रॅक्टरचा पंप फडक्यात बांधून घेऊन आला. दुसऱ्यानं मोटरसायकल सुरूच ठेवून मला ऐकवली आणि निदान विचारलं. एक्झॉस्ट ब्रेकवर तर प्रत्येकाचं मत होतं. कुणी म्हणालं, त्यानं इंजिन फुटतं. कुणी म्हणालं, त्यानं इंजिनाचं आयुष्य वाढतं. ही दोन्ही मतं एकाच माणसानंही मांडली. मी सगळ्यांना "बघू" म्हणत गेलो. बघू म्हणणाऱ्या माणसाला बरंच कळत असावं असा त्या गावचा समज आहे, आणि मी तो मोडायला गेलो नाही.

रशीदभाईंचं गॅरेज

त्याच दिवशी आम्ही तिघं नांदुऱ्याला परत गेलो. निर्मलाताई आपणहून आल्या. रशीदभाईंचं गॅरेज रस्त्याला लागूनच आहे. त्यांच्या वडिलांच्या वेळी तिथं बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवत. रशीदभाई जाडजूड, हसरे, दाढीला मेंदी. त्यांनी आधी चहा मागवला, मग कुणाची मुलगी कुठं दिली ते विचारलं, मग ब्रेकवर आले.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी इथं थोडं सांगतो. धूर बाहेर जायच्या नळीत एक झडप बसवायची. उतारावर ती बंद केली की धूर आत कोंडतो, इंजिनाला फिरायला जड जातं आणि ते चाकांना मागं ओढतं. पायातल्या ब्रेकला काम उरत नाही, म्हणून तो तापत नाही. थोडक्यात, गाडीचं नाक दाबायचं. मोठ्या ट्रकना हे असतंच. पिकअपला नसतं, ते बाहेरून बसवावं लागतं.

रशीदभाईंनी दोन झडपा फळकुटावर मांडल्या.

"हे पाहा. हे जुन्या ट्रकचं हाय. लोहा हाय, लोहा. केबल ओढा, झडप बंद. पन आवाज करते. लय करते."

"आणि ही?"

"हे नवं. बटन दाबा, बस. इंजिनच्या हवेच्या ओढीवर चालते. चालू हाय का बंद, बसनाऱ्याले समजत बी नाई, इतकं सायलेंट."

मग त्यांनी आमच्या तिघांकडं आळीपाळीनं बघितलं. "एक बात दोन्हीची. गाडी गिअरमंदीच पायजे. न्यूट्रलमंदी हे दोन्ही शोभेचे."

"हाव, हाव," वासुदेवराव म्हणाले. 'हाव' म्हणजे 'हो', पण ही 'हाव' मी नंतर ओळखायला शिकलो. तिचा अर्थ आपण ऐकलं एवढाच असतो.

आता सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी जुनी झडप हातात घेतली. ती जड होती आणि तिला वास होता. मग नवी घेतली. ती खोक्यात होती, खोक्यावर भागाचा नंबर छापलेला होता, आणि नंबर असलेल्या वस्तूवर विश्वास ठेवण्यात माझी उभी नोकरी गेली आहे. मी खोकं उलटसुलट करून वाचलं आणि म्हणालो, "ही घ्या."

"मीबी तेच म्हनून राह्यलो होतो," वासुदेवराव म्हणाले. "आवाजाचं लावलं तं लोकाइले ट्रॅक्टर वाटन."

निर्मलाताईंना कुणी विचारलं नाही. त्या जुन्या झडपेकडं बघत होत्या, पण त्याचा अर्थ मी त्या वेळी लावला नाही. रशीदभाईंनी दुपारपर्यंत झडप बसवली. आम्ही सपाट रस्त्यावर गाडी नेली, बटण दाबलं, गाडी कुणीतरी मागून सदरा धरावा तशी ओढली गेली. वासुदेवरावांचा चेहरा फुलला. मलाही अभिमान वाटला, कशाचा ते सांगता येणार नाही.

सालईबर्डीचा घाट

तिसऱ्या दिवशी सकाळी वर निघालो. सोनाळ्याच्या उत्तरेला शेतं संपतात आणि सागवान सुरू होतं. मग सालई, पांढऱ्या सोलवटलेल्या खोडांची. रस्ता अरुंद, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. आमच्या घाटात कठडे असतात, वळणावर पाटी असते, भेळवाला असतो. इथं वळण असतं. एका वळणावर डोंगराच्या मातीत गाडीच्या तोंडाएवढा खड्डा होता. वासुदेवरावांनी तिथून गाडी हळू नेली आणि नजर समोर ठेवली.

सालईबर्डी म्हणजे मातीच्या सारवलेल्या भिंती, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रंगवलेली दारं आणि कमालीची स्वच्छ अंगणं. बाया आमची वाट बघतच होत्या. निर्मलाताईंनी निरोप धाडला होता. फुलवंतीबाई साठीच्या असतील, वाळक्या, ताठ. आपसात त्या कोरकू बोलत, आमच्याशी वऱ्हाडी. वासुदेवरावांनी गाडीखाली वाकून झडप दाखवली, बटण दाखवलं, माझी ओळख "एसटीचे मोठे साहेब" अशी करून दिली. फुलवंतीबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग तुमची बाई मागं बसन. हे साहेबबी मागं बसन. आमच्या चारजनी बसन. तुमी चालवा."

"मागं कायले? समोर जागा हाय."

"तवाबी समोर जागा होती, भाऊ. आमी मागंच होतो."

निर्मलाताई लुगड्याचा काष्टा सावरून हौदात चढल्या. मी त्यांच्या मागून चढलो. हाताला प्लास्टर घातलेली एक तरुण बाई दारात उभी राहून बघत होती. ती सुमरती. ती चढली नाही.

हौदात बसून घाट उतरणं हा काय प्रकार आहे ते मला त्या दिवशी कळलं. पुढचं काही दिसत नाही. केबिनच्या पाठीचा पत्रा असतो, वर आभाळ असतं, आणि गाडी ज्या रस्त्यावरून आली तो मागं पळत असतो. चालवणाऱ्याचा पाय कुठं आहे, हात कुठं आहे, त्याच्या मनात काय आहे, यातलं काही कळायला मार्ग नाही. पहिली वळणं चांगली गेली. गाडी धरून ठेवल्यासारखी उतरत होती. मी निर्मलाताईंकडं बघून मान हलवली.

मग सरळ उतार आला आणि इंजिनाचा आवाज खाली बसला.

पूर्णेच्या पुलावर बसला होता तसाच. वासुदेवरावांनी दांडा न्यूट्रलला टाकला होता. गाडी सैल झाली, वारा वाढला, बाजूच्या सालई भराभर मागं जायला लागल्या. एका बाईनं निर्मलाताईंचा दंड धरला. मला भीती वाटली, हे लिहायला मला काही संकोच नाही. मी उठलो, केबिनच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी धडाधड मारलं आणि ओरडलो, "अरे ए, गिअरमध्ये घाल गाडी! गिअरमध्ये!"

व्याह्यांना 'अरे ए'. विहीणबाईंच्या देखत. आमच्या घराण्यात हे याआधी झालेलं नाही.

गाडी कचकचून थांबली. ब्रेक अजून थंड होते म्हणून थांबली. वासुदेवराव उतरून मागं आले. त्यांना राग आला असेल असं मला वाटलं होतं, पण ते गोंधळलेले होते.

"काऊन? सरळच तं रस्ता होता."

"न्यूट्रल केली होती तुम्ही," मी म्हणालो.

"ते तं मी नेहमीच करतो. डिझेल वाचते."

निर्मलाताई हौदातूनच म्हणाल्या, "नेहमी? त्या दिवशीबी?"

वासुदेवराव आधी माझ्याकडं आणि मग रस्त्याकडं बघत राहिले. इतके दिवस ते ब्रेकला दोष देत होते, आणि खरंच त्यांना ब्रेकच दोषी वाटत होता. आता तसं वाटायची सोय उरली नाही. ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. मी आयुष्यात कुणाला इतकं एकटं बसलेलं पाहिलं नाही, आणि माझ्या त्या ओरडण्याचं मला वाईटही वाटलं आणि वाटलंही नाही.

फुलवंतीबाई हौदाच्या कडेला हात टेकून बोलल्या. आवाज चढलेला नव्हता.

"भाऊ, मी एकच विचारतो. हे तुमचं बटन चालू हाय का बंद, गाडी गिअरात हाय का नाई, मागं बसनाऱ्या बाईले कसं समजन?"

"आता मी ध्यान ठेवीन न," वासुदेवराव म्हणाले.

"तवाबी तुमीच होते."

मला भागाचा नंबर आठवत होता. त्याचा काही उपयोग नव्हता. जी गोष्ट बसणाऱ्याला कळतसुद्धा नाही म्हणून आम्ही निवडली होती, तीच नेमकी बसणाऱ्याला कळायला हवी होती. शेवटी निर्मलाताई म्हणाल्या, "दुसरं होतं न एक. आवाज करनारं."

आवाज असेल तर झडप बंद आहे आणि गाडीही गिअरमध्ये आहे. न्यूट्रल केली की इंजिन सैल पडतं, आवाज जातो. हे मी त्यांना समजावून सांगितलं. फुलवंतीबाईंनी बायांशी कोरकूत थोडं बोलणं केलं.

"आवाज असन तं बसू," त्या म्हणाल्या. "बंद झाला तं पत्रा वाजवू. तुमी गाडी थांबवा."

गाडी वळवून आम्ही त्यांना वर सोडायला गेलो. सुमरती अजून दारातच होती. झालेलं सगळं तिला सासूनं सांगितलं. मग आम्हालाही कळावं म्हणून फुलवंतीबाई बायांना वऱ्हाडीतच म्हणाल्या, "पन आपन तं मागं बसलो का गोष्टीच करतो. आवाज आयकन कोन?"

"मी आयकन," सुमरती म्हणाली. "मले तं काई काम नाई."

मोडक्या मनगटानं कापूस वेचता येत नाही. वेचणीला दोन्ही हात लागतात. एका हातानं बोंड धरायचं, दुसऱ्यानं ओढायचं. वासुदेवराव पहिल्यांदाच तिच्यासमोर उभे राहिले.

"दुखते का?"

"रात्री दुखते."

तिनं डाव्या हातानं त्यांना पाण्याचा तांब्या दिला. त्यांनी तो घेतला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला.

पुन्हा गॅरेज

"वापस?" रशीदभाई म्हणाले. "काऊन, चालून नाई राह्यलं?"

"चालते," वासुदेवराव म्हणाले. "आवाज नाई करत."

आवाज करत नाही म्हणून वस्तू परत आणणारं गिऱ्हाईक रशीदभाईंना तोवर भेटलं नव्हतं. त्यांनी शेजारच्या पंक्चरवाल्याला बोलावून ते वाक्य पुन्हा म्हणून घेतलं. मग कारण ऐकल्यावर ते हसायचे थांबले, लुंगी खोचली आणि गाडीखाली शिरले. जुन्या झडपेचं तोंड मोठं होतं, त्याला पिकअपच्या नळीशी जोडायला मधे एक तुकडा कापून वेल्ड करावा लागला. झडप पुरती मिटून चालत नाही, धूर जायला थोडी फट ठेवावी लागते, नाहीतर इंजिन बिघडतं. ती फट त्यांनी दोनदा घासून बेतली. मी माझं नंबरवालं खोकं नीट बंद करून त्यांच्या हातात दिलं.

संध्याकाळी केबल ओढून पाहिली. म्हैस खोकायला लागावी आणि तिनं थांबूच नये, तसा आवाज आला. पंक्चरवाला बाहेर येऊन उभा राहिला. निर्मलाताई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या.

परतीच्या वाटेवर पूर्णेचा उतार आला. वासुदेवरावांचा हात दांड्यावर गेला, तिथं थोडा वेळ थांबला आणि तसाच खाली आला. आम्ही पूल गिअरमध्ये उतरलो.

उतार

दुसऱ्या दिवशी सकाळी सातपुड्यावर ढग होते. खालच्या शेतांत दुसऱ्यांच्या टोळ्या कामाला लागलेल्या दिसत होत्या, आमचं शेत तसंच पांढरं. वर पोचेपर्यंत वासुदेवरावांनी तीनदा विचारलं, "येतीन न?" ते मला विचारत होते की निर्मलाताईंना ते कळलं नाही.

बाया आल्या. भाकरीची फडकी, पाण्याचे डबे, ओटीत कापूस घ्यायची धडुती, सगळं घेऊन आल्या. एक एक चढल्या. निर्मलाताई कुणी न सांगता मागं बसल्या. मीही. सुमरती सगळ्यांत शेवटी आली. गाडीपाशी आल्यावर तिनं हौदाच्या फळीवर हात ठेवला आणि नुसती उभी राहिली. घाई कुणी केली नाही. वासुदेवराव केबिनच्या दाराशी उभे होते. आत बसत नव्हते. मग तिनं डावा हात सासूला दिला आणि चढली. केबिनला पाठ लावून बसली, प्लास्टरचा हात मांडीवर, डावा तळवा मागं पत्र्याला टेकलेला.

घाट सुरू झाला आणि झडप खोकायला लागली. हौदात त्या आवाजात काही बोलता येत नव्हतं, तरी बाया बोलत होत्या, जास्तच मोठ्यानं. डोंगरातल्या त्या खड्ड्यापाशी मात्र सगळ्या गप्प झाल्या. आवाज चालू होता. गाडी वळली, खड्डा मागं गेला, आणि गोष्टी पुन्हा सुरू झाल्या. सुमरती त्यात नव्हती. ती मान किंचित वाकडी करून ऐकत होती.

शेवटचा उतार अगदी सौम्य आहे. खालची शेतं दिसतात, गाव दिसतं, घाट संपल्यासारखं वाटतं. तिथं आवाज थांबला.

मी उठायच्या आत सुमरतीच्या तळव्याचे दोन फटके पत्र्यावर पडले. गाडी थांबायच्या बेतात हळू झाली, दांडा खटकला, केबल ओढली गेली, आणि म्हैस पुन्हा खोकायला लागली. सवय काही एका दिवसात जात नाही. सुमरतीनं कुणाकडं पाहिलं नाही. हात तिनं पत्र्यावरून काढला नाही.

शेतावर बाया उतरल्या, ओट्या बांधल्या आणि कापसाच्या ओळींमध्ये पांगल्या. ढग होते तसेच होते, पण आता खाली माणसं होती. निर्मलाताई त्यांच्याबरोबर गेल्या. वासुदेवराव हौदाची फळी लावायला मागं आले, तर सुमरती अजून आतच.

"उतर न वं आता," ते म्हणाले.

"उतरतो. पन संध्याकाळी घाट चढतानीबी मीच अथी बसन. आयकायले."

चढावर ब्रेक लावत नाहीत. झडप उघडी असते, आवाज कसला येणार? मला ते माहीत होतं, आणि वासुदेवरावांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. त्यांनी तिला उतरायला हात दिला. ती नीट उभी राहीपर्यंत तो काढला नाही.

"हाव," ते म्हणाले. "तूच बस."